बंधन कशासाठी आणि कधीपर्यंत?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१८९७ च्या साथरोग कायद्यात मोठ्या दुरुस्त्या कराव्यात किंवा त्याच्या जागी नवा सर्वंकष कायदा करावा, अशी शिफारस विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या २८६ व्या अहवालात केली. साथीचा आराखडा आधीच तयार असावा आणि केंद्र, राज्य व स्थानिक संस्था यांपैकी कोणी काय करायचे हे स्पष्ट असावे, असे आयोगाचे म्हणणे आहे आणि ते रास्त आहे. मात्र या विषयावर जे लिहिले-बोलले जाते त्यात अधिकार कोणाला द्यायचे याची चर्चा पुष्कळ होते, आणि लोकांनी ते बंधन कोणाच्या भरवशावर पाळायचे याची फार थोडी होते. या दुसऱ्या गोष्टीविषयी मला लिहायचे आहे, कारण कोरोनाच्या दोन वर्षांत ती मी जवळून पाहिली.

मी रत्नागिरी जिल्ह्यातला निवृत्त प्राथमिक शिक्षक आहे. मे २०२० मध्ये मुंबईहून चाकरमानी गावाकडे येऊ लागले, तेव्हा आमच्या वाडीची शाळा विलगीकरणासाठी घेतली गेली. बाके पडवीत एकावर एक रचून आम्ही दोन वर्गखोल्या मोकळ्या केल्या, आणि ग्राम कृती दलाचा सदस्य म्हणून तिथली देखरेख माझ्याकडे आली. पहिल्या आठवड्यात एक कुटुंब पनवेलपासून महामार्गाने चालत आले. नवरा मुंबईत एका गाळ्यात काम करणारा, सोबत बायको आणि सहा वर्षांची मुलगी. त्या मुलीच्या पायाला फोड आले होते. त्याची म्हातारी आई रोज संध्याकाळी फडक्यात बांधलेली भाकरी आणि कालवण शाळेच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, ठेवी, दहा पावले मागे जाऊन उभी राही, आणि मग मुलगा बाहेर येऊन ते उचलत असे. नातीशी ती तेवढ्या अंतरावरूनच बोलत असे. चौदा दिवसांचा नियम होता आणि त्या घराने तो कुरकुर न करता स्वीकारला होता.

नवव्या दिवशी शेजारच्या वाडीत मुंबईहून एक चारचाकी आली. त्या मंडळींकडे पास होता, वर ओळखही होती. ती थेट घरी गेली आणि संध्याकाळी त्यांच्यातला एक जण दुकानावर दिसला. मी तालुक्याच्या संबंधित कार्यालयात फोन केला, तर "त्यांना परवानगी आहे" एवढेच उत्तर मिळाले. दुसऱ्या दिवशी म्हातारी गडग्याशी आली ती भाकरीचे फडके हातातच धरून उभी राहिली आणि मला म्हणाली, "गुरुजी, रोग काय गाडी बघून लागतो काय ओ?" मला उत्तर देता आले नाही. त्याच रात्री शाळेतले तीन तरुण उठून आपापल्या घरी गेले. ते आडदांड नव्हते, नियम मोडण्याची हौस असलेलेही नव्हते. नऊ दिवस त्यांनी उन्हाळ्यात पत्र्याखाली मुकाट्याने काढले होते. नियम सगळ्यांसाठी नाही हे कळल्यावर तो रोगासाठी आहे यावरचा त्यांचा विश्वास उडाला. दंडाची भीती नवव्या दिवशीही होती आणि दहाव्या दिवशीही तेवढीच होती.

ऑगस्टमध्ये हेच वेगळ्या रूपात पुन्हा झाले. गणपती २२ ऑगस्टला होते. अनेक ग्रामपंचायती चौदा दिवसांच्या विलगीकरणावर ठाम होत्या, आणि राज्य शासनाने कोकणात येणाऱ्यांसाठी दहा दिवस ठरवून १२ ऑगस्टपर्यंत गावी पोहोचण्याची सूचना केली. चौदाचे दहा करण्यामागे वैद्यकीय कारण असेलही, आणि ते पटण्यासारखेही असेल. ते आमच्यापर्यंत कोणी पोहोचवले नाही. तारखांचा हिशेब मात्र प्रत्येकाला करता येत होता. ग्रामसभेच्या ओट्यावर एकाने विचारले, "रोगाचे दिवस कमी झाले की सणाचे दिवस जवळ आले?" या प्रश्नावर लोक हसले, पण त्यानंतर गावात कुठलाही नवा आकडा आला की त्याच्याकडे संशयानेच पाहिले जाऊ लागले.

संशयाला खतपाणी घालणाऱ्या गोष्टी तेव्हा पुष्कळ होत्या. सुरुवातीला आमच्या जिल्ह्यातले घशातील स्रावाचे नमुने मिरजेला जात आणि अहवाल यायला दिवसच्या दिवस लागत. तो आला तरी बहुतेकदा फोनवरून तोंडी कळवला जाई, हातात कागद पडत नसे. ज्याला साधा खोकलाही नाही अशा माणसाला तू पॉझिटिव्ह आहेस असे फोनवर सांगायचे आणि पुढच्या तासाभरात रुग्णवाहिका दारात उभी करायची, तर त्याने विश्वास कशावर ठेवायचा? मग प्रत्येक रुग्णामागे सरकारी दवाखान्याला दीड लाख रुपये मिळतात ही अफवा राज्यभर फिरली आणि आमच्याकडेही आली. ती धादांत खोटी होती. पण ज्या जागी खुलासा असायला हवा होता ती जागा रिकामी राहिली होती, आणि अफवा तिथेच येऊन बसली.

त्याच सुमारास, १५ सप्टेंबर २०२० पासून, 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम सुरू झाली. आशाताई आणि आम्ही दोघे स्वयंसेवक असे घरोघर फिरून तापमान आणि ऑक्सिजनचे प्रमाण नोंदवत होतो. एका घरी पन्नाशीचा गृहस्थ ओटीवर बसला होता. आम्ही ऑक्सिमीटर काढताच त्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि "बोट घालणार नाही, उगाच उचलून न्याल" असे स्वच्छ सांगितले. आशाताईंनी वाद घातला नाही. त्यांनी ते यंत्र आधी स्वतःच्या बोटाला लावले, आकडा त्याला दाखवला, मग माझ्या बोटाला लावले, तोही दाखवला. ९५ च्या खाली गेला तर काळजी का करायची आणि ९० च्या खाली गेला तर वेळ का दवडायचा नाही, हे चार वाक्यांत सांगितले. नंतर त्याने हात पुढे केला. आकडा ९१ आला. त्याला दवाखान्यात न्यावे लागले, आणि तो आपल्या पायाने रुग्णवाहिकेत चढला. बारा दिवसांनी तो घरी परत आला. त्या ओटीवर पोलीस बोलावले असते तर त्याने बोट घातले असते की नाही सांगता येत नाही. पण वाडीतल्या पुढच्या घरांची दारे आम्हाला बंद मिळाली असती हे मी खात्रीने सांगतो.

बंधने नकोच होती, असे माझे म्हणणे मुळीच नाही. १८ एप्रिल २०२१ या एका दिवशी राज्यात ६८ हजारांहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले. त्या महिन्यात माझा एक वर्गमित्र ऑक्सिजनची खाट मिळेपर्यंत तग धरू शकला नाही. महाराष्ट्रात या साथीने एक लाख अठ्ठेचाळीस हजारांहून अधिक माणसे नेल्याची अधिकृत नोंद आहे. कडक निर्बंध आवश्यक होते आणि काही ठिकाणी ते उशिरा आले, असेच माझे मत आहे. म्हणून तर त्यांच्यावरचा विश्वास इतका स्वस्तात घालवायला नको होता. त्याच एप्रिलमध्ये आमच्याकडे लग्नाला पंचवीस माणसे आणि दोन तास अशी मर्यादा होती, मोडल्यास पन्नास हजार रुपये दंड होता, आणि दूरचित्रवाणीवर इतर राज्यांतल्या प्रचारसभांची आणि हरिद्वारच्या कुंभमेळ्याची गर्दी दिसत होती. मुलीच्या लग्नाला सख्ख्या भावाला बोलावू न शकलेल्या बापाला साथीचे गांभीर्य समजावून सांगण्याची जबाबदारी गावपातळीवर आमच्यावर होती. तेव्हा आमची जी कुचंबणा झाली, ती आदेश काढणाऱ्यांपैकी किती जणांनी अनुभवली असेल?

समजावले तर आपली माणसे किती मोठा त्याग करतात, हे २०२० च्या आषाढीने दाखवले. शतकानुशतकांची पायी वारी थांबवायची, ही साधी गोष्ट नव्हती. शासनाने पालखी सोहळ्यांच्या प्रमुखांशी चर्चा केली, संतांच्या पादुका एसटीच्या बसने पंढरपूरला न्याव्यात असे ठरले, त्या ३० जूनला रवाना झाल्या आणि लाखो वारकऱ्यांनी घरी राहून एकादशी केली. कोणालाही काठी दाखवावी लागली नाही. याच श्रद्धाळू समाजाने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रस्त्यावर येऊन मंदिरे उघडण्याची मागणी केली, कारण ५ ऑक्टोबरला उपाहारगृहे आणि बार सुरू झाले होते आणि देवळांची दारे १६ नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे पाडव्यापर्यंत, बंदच राहिली. शासनाकडे या भेदाचे उत्तर असू शकले असते. देवळातल्या गर्दीला मोजमाप नसते, तिथे वृद्ध माणसे अधिक येतात, असे काही. ते आधी, आदेशातच, स्पष्ट शब्दांत यायला हवे होते. ते आले नाही आणि त्या जागेवर राजकारण सुरू झाले.

महाराष्ट्राला या चुकीची किंमत माहीत नाही असे म्हणता येणार नाही. आज बदलायचा म्हणतात तो कायदा मुंबईतल्या प्लेगमुळेच ४ फेब्रुवारी १८९७ रोजी आला. त्याची मूळ कलमे अवघी चार. सरकारला साथ रोखण्यासाठी जे नियम करावेसे वाटतील ते करता येतील, ते मोडणाऱ्याला शिक्षा होईल, आणि या कायद्याखाली सद्भावनेने काही करणाऱ्याविरुद्ध दावा चालणार नाही, एवढाच त्याचा गाभा. नियमामागचे कारण लोकांना सांगितले पाहिजे किंवा त्यांची तक्रार कोणी ऐकली पाहिजे, याचा त्यात उल्लेखही नाही. या कायद्याच्या आधाराने प्लेग कमिशनर रँडच्या देखरेखीखाली गोऱ्या शिपायांनी पुण्यात घरोघर झडत्या घेतल्या. देवघरात बुटांसह शिरणे, सामान जाळणे, बायकांची अवहेलना अशा तक्रारींनी शहर धुमसत होते. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली आणि ३ जुलैला तो मेला, हा भाग शाळेत सगळ्यांनीच शिकलेला असतो.

मी मात्र मुलांना त्याच्याबरोबर आणखी एक गोष्ट सांगत असे. नामदार गोखले तेव्हा इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून कळलेल्या अत्याचारांच्या हकिकती त्यांनी तिथे जाहीरपणे मांडल्या, आणि परत आल्यावर पुराव्यासाठी साक्षीदार पुढे येईनात म्हणून त्यांना जाहीर माफी मागावी लागली. गोखल्यांसारख्या काटेकोर माणसावर ही वेळ का आली? ज्या घरांवर प्रसंग ओढवला होता त्यांनी तक्रार करायची कुठे, आणि केली तर ती निर्भयपणे नोंदवली जाईल याचा भरवसा काय, याची सोयच नव्हती. तक्रार नोंदवायला जागा नसली की सरकारला ती खोटी वाटते आणि लोकांना सरकार खोटे वाटते. प्लेग या झडत्यांनी आटोक्यात आला असेही नाही. त्याच वर्षी तो पुण्यात पुन्हा उसळला. मार्च १८९८ मध्ये मुंबईत दंगल झाल्यावर मात्र सरकारने सक्ती हळूहळू सैल केली, त्या त्या समाजांना स्वतःची इस्पितळे चालवू दिली आणि हाफकिन यांच्या प्लेगविरोधी लशीकडे अधिक लक्ष दिले. ती लस घ्यायलाही लोक कचरत होते. इस्माइली समाजाचे धर्मगुरू आगाखान यांनी आपल्या अनुयायांसमोर ती स्वतः टोचून घेतली तेव्हा त्यांच्यातल्या पुष्कळांचा धीर वाढला. आमच्या आशाताईंनी हा इतिहास वाचलेला नव्हता.

आणि सावित्रीबाई फुले! पुण्यात झडत्यांना सुरुवात झाली त्याच मार्च १८९७ मध्ये, १० तारखेला, प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता त्या गेल्या. एकाच शहरात, एकाच महिन्यात, रुग्णाला शोधायला बंदूक घेऊन येणारे होते आणि रुग्णाला पाठीवर घेऊन जाणारी बाई होती. लोक कोणाला पाहून दार उघडत असतील हे सांगायला नको.

आपल्या काळातले उदाहरण द्यायचे तर धारावीचे द्यावे लागेल. जेमतेम अडीच चौरस किलोमीटरच्या वस्तीत १ एप्रिल २०२० रोजी पहिला रुग्ण सापडला, तेव्हा पुढे काय होणार या विचाराने सगळ्यांचा थरकाप उडाला होता. मुंबई महापालिकेने तिथल्याच खासगी डॉक्टरांना सोबत घेऊन तपासणी केली. ज्या डॉक्टरकडे वर्षानुवर्षे तापाची गोळी घेतली तोच दारात आला, म्हणून लोक लक्षणे सांगू लागले. विलगीकरण तिथेही सक्तीचेच होते. शाळा आणि क्रीडासंकुले त्यासाठी घेतली होती. पण तिथे जेवण होते, डॉक्टर होता, आणि घरी एकाच खोलीत आठ माणसे असताना विलगीकरण म्हणजे काय हे लोकांना वेगळे सांगावे लागत नव्हते. जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचे नाव घेऊन कौतुक केले.

प्रामाणिकपणाबद्दलही एक गोष्ट नोंदवतो. १६ जून २०२० रोजी राज्य शासनाने आधी नोंदायचे राहून गेलेले १३२८ मृत्यू एकदम जाहीर केले. त्या दिवशी शासनावर सगळीकडून टीका झाली. उशीर अक्षम्य होता हे खरे, तरीही चुकलेला आकडा दुरुस्त करून लोकांपुढे ठेवला याचे मला समाधान वाटले होते. पण हा प्रामाणिकपणा पुढे सर्वत्र दिसला नाही. जून २०२१ मध्ये शासनाने पाच स्तरांची पद्धत आणली. संसर्गाचे प्रमाण आणि ऑक्सिजनच्या भरलेल्या खाटा, या दोन मोजमापांवर प्रत्येक जिल्ह्याचे निर्बंध ठरणार होते. माझ्या मते संपूर्ण साथीच्या काळातला हा सर्वांत समंजस आदेश होता, कारण किती काळजी घेतली तर काय सुटेल हे दुकानदारालाही कळत होते. आमच्या बाजारपेठेत लोक रोज जिल्ह्याचा टक्का विचारू लागले होते. तीन आठवड्यांच्या आत, २५ जूनला, विषाणूच्या डेल्टा प्लस या नव्या प्रकाराच्या भीतीने सर्व जिल्ह्यांना किमान तिसऱ्या स्तरावर नेण्यात आले. तेव्हा राज्यातल्या एकवीस रुग्णांपैकी नऊ आमच्याच जिल्ह्यातले होते आणि राज्यातला पहिला मृत्यू संगमेश्वर तालुक्यातला होता, त्यामुळे ही भीती आम्हाला तरी परकी नव्हती. सावधगिरी म्हणून तो निर्णय योग्यही मानता येईल. पुढे डेल्टा प्लस पसरला नाही, तिसरी लाट आली ती ओमायक्रॉनची. ज्या कारणासाठी तुमची दुकाने बंद ठेवली ते कारण आता राहिलेले नाही, तुम्ही सहन केलेत त्याबद्दल आभारी आहोत, असे दोन ओळींचे पत्रक निघाले असते तर पुढच्या वेळी तोच दुकानदार निमूटपणे फळी ओढून घेईल. असे पत्रक आमच्याकडे आले नाही.

म्हणून नव्या कायद्याचा मसुदा तयार करणाऱ्यांना माझे सांगणे असे आहे. निर्बंधाच्या प्रत्येक आदेशात त्याचे कारण लिहिणे बंधनकारक करावे, आणि ते 'जनहितार्थ' या एका शब्दात उरकता येऊ नये. आदेश महाराष्ट्रात मूळ मराठीतच निघावा. आमच्यापर्यंत आलेले कितीतरी आदेश इंग्रजीत होते आणि व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या तीन वेगवेगळ्या भाषांतरांतले खरे कोणते, हे पोलीस पाटलालाही ठरवता येत नव्हते. बंधन कधी संपणार याची तारीख, किंवा कोणता आकडा खाली आल्यावर ते उठणार हे, त्याच कागदावर असावे. मुदत वाढवायची असेल तर पुन्हा कारण द्यावे लागावे. कोणाला सूट दिली आणि का, याची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी, म्हणजे परवानगी आहे असे फोनवर सांगून कोणाला मोकळे होता येणार नाही. तालुक्याला एक तरी तक्रार अधिकारी असावा आणि ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर देणे त्याच्यावर बंधनकारक असावे. एकट्या शिक्षेच्या कलमाने काय साधते ते आपण पाहिलेच आहे. साथीत सरकारी आदेश मोडल्याबद्दल भारतीय दंड विधानाच्या कलम १८८ खाली लोकांवर गुन्हे नोंदवले गेले आणि मार्च २०२२ मध्ये ते मागे घेण्याची घोषणा शासनालाच करावी लागली. त्या कलमाच्या जागी आता भारतीय न्याय संहितेचे २२३ आले आहे. नुसता क्रमांक बदलून पुढच्या साथीत काही वेगळे घडणार नाही.

या मागण्या अव्यवहार्य वाटतील त्यांच्यासाठी शाळेतला पुढचा भाग सांगतो. तीन तरुण निघून गेल्यानंतर आशाताईंनी दुसऱ्या दिवशी वर्गातल्या फळ्यावर राहिलेल्या प्रत्येकाचे नाव, त्याचा आलेला दिवस आणि सुटण्याची तारीख लिहिली, आणि वर चौदा दिवस का, हे खडूने सोप्या भाषेत लिहिले. खाली माझा फोन नंबर होता. चारचाकीतून आलेल्या मंडळींची नावे आणि तारखाही त्याच फळ्यावर लिहिल्या, आणि ती यादी त्यांच्या वाडीत वाचून दाखवली. चार दिवसांनी ती मंडळी स्वतःहून घराबाहेर पडायची थांबली. पावसाळ्यापर्यंत त्या शाळेत माणसे येत राहिली आणि मुदतीआधी एकही जण गेला नाही. म्हातारी रोज संध्याकाळी गडग्यावर फडके ठेवायची आणि खिडकीतून फळ्याकडे पाहत विचारायची, "गुरुजी, आता किती राह्यले?" मी आकडा सांगायचो.

नवा मसुदा तयार होईल तेव्हा तो मराठीत प्रसिद्ध करून प्रत्येक ग्रामसभेपुढे ठेवावा, आणि पुढची साथ येण्याआधी ठेवावा, ही आपल्या वृत्तपत्रामार्फत शासनाला विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक,
जि. रत्नागिरी